क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आले म्हणजे किडनी ठीक आहे का?

आपल्या घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाला बीपी किती, शुगर किती असे विचारले तर उत्तर लगेच मिळते. अनेकांना तर मागच्या तीन-चार तपासण्यांचे आकडे तोंडपाठ असतात. पण क्रिएटिनिन किती आहे, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही किडनी निकामी होण्याची दोन सर्वात मोठी कारणे आहेत. म्हणजे आजार माहीत आहे, गोळ्या सुरू आहेत, पण त्या आजाराचा घाव ज्या अवयवावर बसतो त्याची खबरच आपण घेत नाही.

किडनीचा आजार दुखत नाही, हीच मोठी अडचण आहे. पाठीत कळ येते ती बहुधा मुतखड्याची किंवा मणक्याची असते. किडनीची चाळणी हळूहळू खराब होत असते तेव्हा माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज, लघवीला न विरणारा फेस, रात्री वारंवार लघवीला उठणे, भूक मरणे, अंगाला खाज, थोड्या कामाने धाप लागणे ही लक्षणे बऱ्याचदा फार उशिरा दिसतात. काही रुग्णांना तर किडनीचा आजार आहे हे पहिल्यांदा कळते ते डायलिसिस करावे लागेल असे सांगितले जाते त्याच दिवशी.

हे टाळता येते. त्यासाठी हाताच्या शिरेतून काढलेले थोडे रक्त आणि एका डबीत घेतलेली लघवी एवढेच लागते. मात्र रिपोर्ट हातात आल्यावर तो कसा वाचायचा हे माहीत असले पाहिजे. म्हणून हा लेख.

क्रिएटिनिन म्हणजे काय?

आपल्या दोन किडन्या प्रत्येकी मुठीएवढ्या असतात. प्रत्येकीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांमधून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातले जवळजवळ सगळे पाणी आणि उपयोगी क्षार शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकली जाते.

स्नायूंचे काम चालू असताना त्यांच्यातून क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ रोज जवळपास सारख्याच प्रमाणात रक्तात येतो. किडनी तो गाळून लघवीवाटे टाकते. किडनीचे काम मंदावले की तो रक्तात साचू लागतो. गटाराची जाळी तुंबली की पाणी वर चढते, तसाच हा प्रकार. जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स याफे यांनी १८८६ मध्ये पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिनचा संयोग होऊन तांबूस-नारिंगी रंग येतो हे दाखवले. रंग जितका गडद तितके क्रिएटिनिन जास्त. आजही अनेक लॅबमध्ये याच पद्धतीच्या सुधारित रूपाने तपासणी होते. काही ठिकाणी त्याहून अचूक अशी एन्झाइमची पद्धत वापरतात.

‘नॉर्मल’ आकड्यामागे काय लपते?

रिपोर्टवर आपल्या आकड्याशेजारी नॉर्मल मर्यादा छापलेली असते. साधारणपणे पुरुषांसाठी ०.७ ते १.३ आणि स्त्रियांसाठी ०.६ ते १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लॅबनुसार यात थोडा फरक असतो. आकडा या मर्यादेत असला की आपण निर्धास्त होतो आणि रिपोर्ट कपाटात जातो.

चूक इथेच होते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येते, त्यामुळे ज्याचे स्नायू जास्त त्याचे क्रिएटिनिन मुळातच जास्त. पंचवीस वर्षांच्या धडधाकट तरुणाचे क्रिएटिनिन १.१ आहे आणि पासष्ट वर्षांच्या आजीचेही १.१ आहे, असे समजू. दोघांचेही रिपोर्ट ‘नॉर्मल’. पण वय आणि लिंग धरून हिशोब केला तर तरुणाची किडनी मिनिटाला सुमारे ९५ मिलिलिटर गाळण करते आणि आजीची सुमारे ५६. आकडा एकच, पण तरुणाला काळजीचे कारण नाही आणि आजीची पुढची तपासणी लगेच व्हायला हवी.

दुसरी गोष्ट अशी की, किडनीची क्षमता जवळजवळ निम्मी होईपर्यंत अनेकांचे क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जातच नाही. ज्याचे नेहमी ०.७ असायचे त्याचे १.२ झाले तर रिपोर्टवर कुठलीही खूण येणार नाही, पण किडनीचे मोठे नुकसान झालेले असू शकते. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. एका आकड्यापेक्षा तीन वर्षांतले तीन आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना जास्त कळते.

ईजीएफआर: मागून घ्यायचा आकडा

वर जो गाळणीचा वेग सांगितला त्याला ईजीएफआर म्हणतात. तो वेगळा मोजावा लागत नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढला जातो. बऱ्याच लॅब तो रिपोर्टवर छापतात. छापला नसेल तर ‘ईजीएफआर पण लिहून द्या’ असे सांगायला संकोच करू नका.

हा आकडा असा वाचायचा. ९० किंवा जास्त म्हणजे गाळण चांगली. ६० ते ८९ म्हणजे थोडी कमी. लघवीत प्रोटीन जात नसेल आणि दुसरा दोष नसेल तर केवळ यावरून आजार म्हणत नाहीत. चाळिशीनंतर हा आकडा दरवर्षी साधारण एकाने उतरत जातो, हेही लक्षात घ्यावे. ४५ ते ५९ आणि ३० ते ४४ हे तिसऱ्या टप्प्याचे दोन भाग. १५ ते २९ चौथा टप्पा. इथे किडनीतज्ज्ञांकडे नियमित जाणे आवश्यक. १५ च्या खाली पाचवा टप्पा. पाचव्या टप्प्यात पोहोचले म्हणजे त्याच दिवशी डायलिसिस असेही नसते. लक्षणे, पोटॅशियम, अंगावरचे पाणी हे सगळे पाहून डॉक्टर तो निर्णय घेतात.

एक महत्त्वाचा नियम: आकडा एकदा ६० च्या खाली आला म्हणून दीर्घकालीन किडनी आजार ठरत नाही. दोष तीन महिन्यांहून जास्त काळ टिकला तरच तसे म्हणतात. जुलाब, उलट्या, ताप, उन्हातले कष्ट यांमुळे आकडा काही दिवस बिघडून पुन्हा सुधारू शकतो. पण उलट बाजूही आहे. क्रिएटिनिन दोन दिवसांतच ०.३ किंवा त्याहून जास्त वाढले, किंवा लघवी एकदम कमी झाली, तर तो किडनीवरचा अचानक आघात असू शकतो. तेव्हा तीन महिने थांबायचे नसते, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते. घोणस चावल्यावर नेमके हेच होऊ शकते.

सूत्रातही माणसे असतात

ईजीएफआर सूत्रावर अवलंबून आहे, आणि सूत्र माणसेच बनवतात. याचा एक धडा अमेरिकेतून मिळतो. तिथे २००९ पासून प्रचलित असलेल्या सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा सुमारे १६ टक्क्यांनी वाढवून धरला जात असे. त्यांचे स्नायू जास्त असतात, हे त्यामागचे गृहीतक. परिणाम असा की, तेच वय आणि तेच क्रिएटिनिन असताना इतरांचा आकडा २० येई तिथे कृष्णवर्णीय रुग्णाचा २३ येई. अमेरिकेत किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीतला काळ आकडा २० किंवा त्याखाली आल्यावर मोजला जाऊ लागतो. म्हणजे केवळ वर्णाच्या रकान्यामुळे माणूस रांगेत मागे राहत होता.

बरीच टीका झाल्यावर २०२१ मध्ये वर्णाचा रकाना काढून टाकलेले नवे सूत्र आले. २०२२ मध्ये तिथल्या प्रत्यारोपण यंत्रणेने वर्णावर आधारित हिशोबावर बंदी घातली आणि २०२३ पासून कृष्णवर्णीय रुग्णांचा हुकलेला प्रतीक्षाकाळ त्यांना परत मिळवून देण्याची व्यवस्था केली. माणसाच्या जन्मावरून त्याच्या शरीराविषयी काहीतरी गृहीत धरण्याची किंमत कोण मोजतो, हे आपल्याला वेगळे सांगायची गरज नाही.

आपल्यासाठी यातून दोन गोष्टी. रिपोर्टवर ‘सीकेडी-ईपीआय २०२१’ असे लिहिले असेल तर ते हेच नवे सूत्र. आणि दुसरे म्हणजे ही सूत्रे प्रामुख्याने परदेशी लोकांच्या तपासण्यांवरून बनली आहेत. आपल्याकडे अंगाने किरकोळ, मांसाहार कमी असलेली, वयाने थकलेली माणसे खूप आहेत. त्यांचे क्रिएटिनिन मुळात कमी, त्यामुळे ईजीएफआर खऱ्याहून चांगला दिसू शकतो. अशा वेळी शंका असल्यास डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही दुसरी रक्ततपासणी सांगतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, पण महाग असते आणि सगळीकडे होत नाही.

लघवीची तपासणी सोडू नका

रक्ततपासणी चाळणीचा वेग सांगते. चाळणीला भोके पडली आहेत का, हे लघवी सांगते. निरोगी किडनी अल्ब्युमिन हे प्रोटीन रक्तातच ठेवते. चाळणी खराब होऊ लागली की ते लघवीत झिरपते. मधुमेहात हे झिरपणे अनेकदा क्रिएटिनिन वाढण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होते.

या तपासणीचे नाव लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे एसीआर. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना उत्तम. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे झिरपणे सुरू झाले, ३०० च्या वर म्हणजे बरेच वाढले (हे आकडे मिलिग्रॅम प्रति ग्रॅम या मापातले). ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचे जड कष्ट यांमुळेही आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

ईजीएफआर आणि एसीआर हे दोन आकडे एकत्र पाहिले तरच किडनीची खरी अवस्था कळते. फक्त क्रिएटिनिन करून थांबणे म्हणजे अर्धीच तपासणी.

केएफटीमधले बाकीचे आकडे

लॅबमध्ये बहुधा ‘केएफटी’ किंवा ‘आरएफटी’ नावाचा संच करतात. त्यातला युरिया पाहून लोक घाबरतात. जास्त प्रोटीन खाल्ले, पाणी कमी प्यायले, पोटात रक्तस्राव झाला तरी युरिया वाढतो, म्हणून एकट्या युरियावरून किडनीचा निवाडा करू नये. शिवाय काही रिपोर्टवर युरिया असतो, काहींवर बीयूएन. बीयूएनला साधारण २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. गेल्या महिन्यात १८ होते, आता ३९ झाले असे वाटून धसका घेण्यापूर्वी दोन्ही रिपोर्टवर नाव एकच आहे का ते पाहा.

युरिक अॅसिड गाठीच्या संधिवाताशी, म्हणजे गाउटशी जोडलेले आहे. त्यावरून किडनीची क्षमता कळत नाही. पोटॅशियम मात्र नीट पाहायचे. ते साधारण ३.५ ते ५ असावे. किडनी मंदावली की ते वाढते आणि फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. बीपीसाठी चांगले म्हणून मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम घातलेले असते. किडनीच्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आखातात किंवा युरोपात असलेल्या नातेवाइकांचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला आणि त्यात क्रिएटिनिन ९७ दिसले तर घाबरू नका. तिथले माप वेगळे आहे. त्या आकड्याला ८८.४ ने भागा. ९७ म्हणजे आपले १.१.

तपासणीला जाताना

नुसत्या क्रिएटिनिनसाठी उपाशी राहावे लागत नाही. सोबत उपाशीपोटीची साखर असेल तर गोष्ट वेगळी. आदल्या रात्री भरपूर मटण-चिकन खाल्ले तर क्रिएटिनिन काही तास वाढलेले दिसते, म्हणून ते टाळावे. आदल्या दिवशी जिममध्ये जोरदार व्यायाम नको. क्रिएटिनची पावडर घेणाऱ्या तरुणांनी तसे डॉक्टरांना सांगावे. पाणी नेहमीसारखे प्यावे. मुद्दाम तीन लिटर पिऊन जाण्याने रिपोर्ट ‘चांगला’ आणण्यात आपलाच तोटा आहे. चालू असलेली सगळी औषधे, जडीबुटी धरून, कागदावर लिहून न्यावीत.

तपासणी कोणी करावी?

मधुमेह कळल्यापासून दरवर्षी. लहानपणी किंवा तरुणपणी इन्सुलिनवर आलेल्यांनी पाच वर्षांनंतर दरवर्षी. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, साठी ओलांडलेल्यांनी, वारंवार मुतखडा होणाऱ्यांनी आणि गरोदरपणात बीपी वाढलेल्या स्त्रियांनीही. आई-वडिलांपैकी एकाला किडनीत पाण्याच्या गाठींचा आनुवंशिक आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते.

याशिवाय आपल्या वस्तीत आणि गावात नेहमी दिसणारे तीन गट आहेत. पहिला, गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक अशा गोळ्या स्वतःच आणून महिनोन्‌महिने खाणारे. दिवसभर वाकून काम करणाऱ्यांना या गोळ्यांचा मोह होतो, पण त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. दुसरा, अनोळखी भस्मे घेणारे आणि गोरे करणारी क्रीम लावणारे. अशा काही क्रीममध्ये पारा सापडला आहे, आणि २०२३ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी त्यामुळे किडनीची चाळणी बिघडलेले रुग्ण नोंदवले. रंग उजळण्याच्या हौसेपायी किडनी गमावणे ही फार मोठी किंमत आहे.

तिसरा गट उन्हात राबणाऱ्यांचा. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांमध्ये मधुमेह-बीपी नसतानाही किडनी निकामी होण्याचे प्रमाण मोठे आहे. ऊन, अंगातले पाणी आटणे आणि इतर काही घटक मिळून हे घडते असे संशोधक मानतात. आपल्याकडे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातूनही किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. श्रीकाकुलमसारख्या आजारात लघवीतले प्रोटीन फारसे वाढत नाही, त्यामुळे तिथे क्रिएटिनिनची रक्ततपासणीच उपयोगी पडते. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, सफाई या कामांत असलेल्यांनी ती वर्षातून एकदा तरी करावी.

लवकर कळले तर काय करता येते?

पुष्कळ. बीपी १३०/८० च्या खाली ठेवणे, साखर आटोक्यात ठेवणे, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, तंबाखू बंद, वेदनाशामक गोळ्या बंद. लघवीत प्रोटीन जात असेल तर रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशी बीपीची औषधे किडनीचे रक्षण करतात. ती सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर बहुधा चालवून घेतात, म्हणून घाबरून औषध परस्पर बंद करू नये. दोन ते चार आठवड्यांत पुन्हा रक्त तपासावे. डापाग्लिफ्लोझिन हे मूळचे मधुमेहाचे औषध किडनीची घसरण मंदावते, असे गेल्या काही वर्षांत सिद्ध झाले आहे. २०२० नंतर त्याच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. मधुमेहाच्या नेहमीच्या मेटफॉर्मिनचा डोस मात्र ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर कमी करतात आणि ३० च्या खाली ते बंद करतात. आकडा माहीतच नसेल तर हे कोण ठरवणार?

उशीर झाला तर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर. केंद्राच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयात ते मोफत मिळते आणि महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. उपचार मोफत असला तरी बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस यांची भरपाई कोणी देत नाही. एका माणसाच्या डायलिसिसने अख्ख्या घराचे गणित कोलमडते.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. बाहेरच्या लॅबमध्येही नुसते क्रिएटिनिन हे स्वस्त तपासण्यांपैकी एक आहे.

आमची एक सूचना आहे. जयंतीच्या निमित्ताने, वर्षावासात, मंडळांच्या आणि महिला गटांच्या पुढाकाराने आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात. त्यांत बीपी, शुगर, वजन आणि चष्म्याचा नंबर पाहतात. आयोजकांनी यापुढे मधुमेह, बीपी असणाऱ्यांसाठी आणि उन्हात काम करणाऱ्यांसाठी क्रिएटिनिन आणि लघवीचा एसीआर या दोन तपासण्या जोडाव्यात. प्रत्येकाच्या हातात ईजीएफआर लिहिलेला कागद द्यावा आणि ज्याचा आकडा ६० च्या खाली येईल त्याची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली का, याची नोंद एका वहीत ठेवावी. मंडपाच्या खर्चातला थोडा भाग यासाठी वळवला तरी एका वस्तीचे काम भागू शकते.

आणि शिबिराची वाट पाहायचीच असेही नाही. घरातल्या बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची फाईल आज रात्री उघडा. त्यात गेल्या वर्षभरातले क्रिएटिनिन, ईजीएफआर आणि एसीआर आहेत का ते बघा. नसतील तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत मागून घ्या. औषधांतला कोणताही बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.